सतराव्या बॅचचा गोडवा

३ मार्च, सोमवार

सोमवारी अकरा वाजेपर्यंत मी पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाही. चहा नाही, बडीशेप नाही, टूथपेस्टसुद्धा नाही. भावजय म्हणते, "वन्सं, सोमवारी तुमच्याशी चार हात लांबूनच बोललेलं बरं." बोलू दे. या घरात प्रत्येकाचं एकेक काम आहे. धाकटा बिअर बनवतो, त्याची बायको लेबलं आणि गिऱ्हाइकं सांभाळते, मास्तर यीस्ट आणि टाक्या बघतात. (मास्तर म्हणजे खरोखरचे मास्तर. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून आता आमच्याकडे आलेत.) आणि मी चाखते.

आज सतरावी बॅच पहिल्यांदा चाखली. पद्धत नेहमीचीच. पूर्वी इथे छापखाना होता तेव्हाचं लांब टेबल, तीन खुर्च्या तीन दिशांना तोंड करून, प्रत्येकासमोर ग्लास आणि कागद. कागदावर चार रकाने आहेत, वास, गोडी, कडवटपणा, फेस, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. तिघांच्या पेन्सिली खाली ठेवून होईपर्यंत तोंडाला कुलूप. साधं "अं" केलं तरी धाकटा डोळे वटारतो. मग एकदम कागद उलटायचे.

रंग तांब्याचा. वास पावाच्या भाजलेल्या कडेचा. कडवटपणा बेताचा, आणि घोट गेल्यावर मागे राहणारी करपल्या साखरेची गोडी. फार सुंदर उतरली आहे. माझे गुण: वास ७, गोडी ६, कडवटपणा ५, फेस ४. फेस अजून बाटलीत वाढेल.

नदीकाठच्या नव्या हॉटेलाने याच बॅचच्या चारशे ऐंशी बाटल्या सांगितल्या आहेत. बारा एप्रिलला त्यांचं उद्घाटन आहे. एवढं मोठं काम आमच्याकडे पहिल्यांदाच आलं. धाकटा दिवसभर शीळ घालत फिरत होता.

आकडे इथेही लिहून ठेवते. कागद त्याच्या फायलीत जातात, वही माझी आहे.

१० मार्च, सोमवार

गोडी ५ वाटली. पाचच लिहिले.

कागद उलटले तर धाकट्याचे सहा, मास्तरांचेही सहा. मास्तरांच्या कागदावर त्या जागी खोडरबराचा काळा डाग होता. त्यांचा हात नेहमीच असा अस्वच्छ, पोरांचे पेपर तपासून तपासून झालेला.

"ताई, मागच्या सोमवारी तूच सहा दिले होतेस," धाकटा हसून म्हणाला. "सर्दीबिर्दी नाही ना? तुझी जीभ म्हणजे आमचं घड्याळ. घड्याळच मागे पडायला लागलं तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

तो सहज बोलला. मी मात्र कागदावरचा पाच पुन्हा वाचला. सर्दी नाही मला, काहीच नाही. मग एक गोडी गेली कुठे?

१२ मार्च, बुधवार

लिहायला नको वाटतं, पण इथे नाही तर कुठे लिहू?

बाबा आता घरीच असतात, पूर्वी चहाच्या कंपनीत चाखायला होते. सव्वीस वर्षं. एका घोटात सांगायचे, हा पाला कोणत्या उतारावरचा आणि पाऊस झाल्यावर तोडलेला की आधी. पन्नासाव्या वर्षी त्यांची जीभ गेली. अपघात नाही, मोठा आजार नाही, हळूहळू गेली. आधी गोड गेलं. नोकरी सुटली, आणि जेवायला बसले की आईला विचारायचे, "मीठ बरोबर आहे ना?" आई "हो" म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची. ते "हो" अजून माझ्या कानात आहे.

मला एकोणपन्नास पूर्ण होऊन आठ महिने झाले.

अकरा वर्षांपूर्वी संसार मोडून इथे आले तेव्हा एका शब्दाने कुणी विचारलं नाही, किती दिवस राहणार म्हणून. धाकट्याने एक ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "सांग, काय चुकलंय यात?" मी सांगितलं. तेव्हापासून या घरात मी जिभेवर राहते. ती गेली तर मी कोण? भाजी निवडणारी आत्या. तेवढंही इथे कुणी बोलून दाखवणार नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

१७ मार्च, सोमवार

गोडी ४. फेस ६.

कागदावर गोडी सहा लिहिली. सकाळी वही उघडून तीन तारखेचे आकडे पाहून ठेवले होते. लिहिताना हात अजिबात थरथरला नाही, आणि हेच मला आवडलं नाही.

तिघांचेही सहा. "घड्याळ दुरुस्त झालं!" धाकटा म्हणाला आणि टाळी वाजवली. फेस वाढल्यामुळे तो खुशीत आहे. "काय झकास चढतोय बघ!"

मला वाटतं, जीभ बधिर झाली की टोचणारी गोष्ट जास्त टोचते. फेस सहा वाटतोय तो म्हणूनच. मास्तर मात्र ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघत बसले होते. म्हातारी माणसं अशी तंद्री लावून बसतात.

१९ मार्च, बुधवार

बोटाच्या टोकावर मीठ घेऊन चाखलं. लागलं. लिंबू चाखलं. लागलं. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो आमच्याकडे साखरेच्या डब्यात बसलाय. झाकली मूठ राहू दे अजून काही दिवस.

२४ मार्च, सोमवार

गोडी ३. अंगही पातळ लागलं, पाणी घातल्यासारखं. फेस ७.

बाटली उघडली तर फेस उसळून टेबलावर आला, धाकट्याचा कागद भिजला. "बाहेर ऊन काय कमी आहे? नीट गार झाली नसेल," तो म्हणाला. दुसरा कागद घेतला. त्यावरही त्याने चारही आकडे एका दमात लिहिले, ग्लासाला तोंड लावायच्या आधीच. घाईच फार त्याला.

मी सहा लिहिले.

जेवताना भावजयीने विचारलं, "वन्सं, आमटी अळणी झाली का?" मी दचकले. ती माझ्या ताटाकडे बघत होती. मी काही खाल्लंच नव्हतं.

२६ मार्च, बुधवार

कोठीत एक बाटली फुटली. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो, मोठा आवाज झाला. मांजराचा उद्योग, असं ठरलं. भावजयीने त्या मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काच मीच झाडली. तुकडे समोरच्या भिंतीपर्यंत गेले होते, एक तर दाराच्या लाकडात रुतलेला. खालच्या फळीवरून पडलेली बाटली एवढी लांब कशी जाते, देव जाणे.

मांजर दिवसभर पुढच्या ओट्यावर झोपलेलं होतं. बिचारं, कुणाचं कुणावर.

३१ मार्च, सोमवार

गोडी २. फेस ८. लिहिले सहा आणि सहा.

दुपारी चारशे ऐंशी बाटल्या गेल्या. टेम्पोवाला म्हणाला, "जरा हळूच चालवतो, आतून सूंऽऽ आवाज येतोय." धाकटा म्हणाला, "जिवंत आहे ती, बोलणारच!" आणि सगळे हसले. मीही हसले.

उरलेल्या सत्तर बाटल्या बाबांच्या खोलीत ठेवल्या. अठराव्या बॅचला कोठीत जागा हवी होती. गुडघे गेल्यापासून बाबा तळमजल्याला जोडलेल्या पत्र्याच्या खोलीत झोपतात, आणि त्यांच्या पलंगाशेजारची भिंतीतली मांडणी रिकामीच होती. धाकट्याने विचारलं, "बाबा, चालेल ना?" बाबा म्हणाले, "चालेल की. कुणीतरी सोबतीला आलं."

मी ठरवलंय. बारा तारखेचं उद्घाटन होऊ दे. मग धाकट्याला एकटं गाठून सांगेन. आत्ता सांगितलं तर त्याचे हातपाय गळतील.

त्याचे की माझे? खरं लिहायचं तर माझे.

३ एप्रिल, गुरुवार

उन्हाची तलखी सुरू झाली. बाबांच्या खोलीचा पत्रा तापतो. बाबा म्हणाले, "तुझ्या बाटल्या दुपारच्या कुजबुजतात गं. कुणाची निंदा करतात कोण जाणे." मी कान लावला. एका झाकणाखालून बारीक सुस्कारा येत होता. ते झाकण वरून जरा फुगलेलंही दिसलं, किंवा तो माझा भास. हल्ली माझ्या कोणत्याच इंद्रियावर माझा भरवसा नाही.

७ एप्रिल, सोमवार

गोडी शून्य.

काहीच नाही. कडू आणि टोचरं पाणी. घोट तोंडात फिरवला, नाक दाबलं, सोडलं, परत घेतला. जिथे करपल्या साखरेची चव होती तिथे काही नव्हतं. झाकण उघडताना ते उडून छतावर आपटलं, आणि धाकटा ओरडला, "तोफ! हॉटेलात तोफेची सलामी!" मी त्या हशात कागदावर सहा लिहिले आणि मोरीत जाऊन नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

बाबांचं झालं तसंच. आधी गोड जातं. पुढे काय जातं ते मी पाहिलंय.

८ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. डोकं ठिकाणावर नाही.

दुपारी बाबांना चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "महिनाभर बघतोय, तू चहा अर्धा टाकतेस. तोंड उघड बघू."

"काही नाही हो बाबा."

"जीभ दाखव म्हणत नाही मी. काय झालंय ते सांग."

आणि मी सांगितलं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर बापाच्या पलंगाशी बसून लहान पोरीसारखी रडले. बाबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "पाच वाट्या आण. आणि साखर. आणि तिकडे तोंड करून बस."

एका वाटीत नुसतं पाणी. दुसरीत चिमूटभर साखर, तिसरीत अर्धा चमचा, असं वाढवत पाचवीपर्यंत. प्रत्येक वाटीच्या बुडाला त्यांनी पेन्सिलीने आकडा लिहिला आणि वाट्या फिरवल्या. कंपनीत नव्या माणसाची अशीच परीक्षा घ्यायचे म्हणे. "लाव आता ओळीने. फिकीपासून गोडापर्यंत."

पहिल्या वाटीतलं पाणी साडीवर सांडलं. चाखलं. लावलं. बाबांनी एकेक वाटी उचलून बूड पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

"परत," ते म्हणाले. परत फिरवल्या. परत बरोबर. तिसऱ्यांदा त्यांनी लबाडी करून दोन वाट्या सारख्याच केल्या. मी म्हटलं, "या दोन एकच आहेत." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "माझ्यापेक्षा धारदार आहे की गं तुझी!"

मी उठून त्यांच्या गळ्यात पडले. गेला महिना छातीवर जो धोंडा होता तो कुणीतरी उचलून फेकला. खिडकीतून ऊन येत होतं, वाट्या पलंगावर पडल्या होत्या. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग बाबा पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि सहज म्हणाले, "बरं, पण तुझी जीभ शाबूत, तर मग बाटलीतला गोडवा खाल्ला कुणी?"

मी मांडणीकडे पाहिलं. सत्तर बाटल्या. पलंगापासून दीड हात.

गोडवा यीस्ट खातं. यीस्टने साखर खाल्ली की वायू होतो. आमच्या यीस्टला ही साखर पचत नाही, ती उरायलाच हवी होती. म्हणजे आत दुसरंच कोणीतरी आहे, ते अजून खातंय, आणि बाटलीला दुसरी वाट नाही. सहा, पाच, चार, तीन, दोन, शून्य. जितका गोडवा कमी तितका फेस जास्त. हे सगळं माझ्या हातानेच या वहीत लिहिलेलं आहे. मांजराने काही केलं नव्हतं.

सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की चार सोमवार मी खोटं लिहिलं.

उद्या सांगते.

९ एप्रिल, बुधवार

नाही सांगितलं.

धाकटा आणि भावजय सकाळीच हॉटेलात गेले, टेबलं कुठे लावायची ते बघायला. मास्तर टाकीत डोकं घालून बसले होते. बाबांना मी मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसवलं आणि बाटल्या हलवल्या. एका वेळी दोन, ओल्या टॉवेलात गुंडाळून, तोंड एका बाजूला वळवून, श्वास धरून. मागच्या अंगणात सिमेंटची कोरडी टाकी आहे, त्यात उभ्या केल्या. वर फळ्या, फळ्यांवर ओली पोती. पस्तीस खेपा. प्रत्येक खेपेला वाटलं, ही फुटणार. शेवटच्या दहा खेपा बसत बसत केल्या.

संध्याकाळी धाकट्याने विचारलं तेव्हा म्हटलं, बाबांना त्यांच्या सुस्काऱ्यांनी झोप येत नव्हती. तो म्हणाला, "बरं केलंस." आणि मला हॉटेलाचं छापील निमंत्रण दाखवलं. त्यात आमच्या बिअरचं वर्णन आहे: 'मागे रेंगाळणारा हळवा गोडवा.' हे शब्द माझेच आहेत, तीन मार्चच्या कागदावरचे.

उद्या नक्की.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी बाबांना चहा द्यायला गेले. ते रिकाम्या मांडणीकडे बघत होते.

"माझ्या उशाशी बाटल्या होत्या, त्या काल हलवल्यास."

"हो."

"हॉटेलातल्या?"

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"तिकडे कुणाचा बाप नसतो का?"

बाबा खिडकीकडे तोंड करून बोलायला लागले, जसं काही मला नाही, भिंतीला सांगत होते. त्यांची जीभ गेल्यावर त्यांनी लगेच नोकरी सोडली नव्हती. अकरा महिने शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून गुण दिले होते. आईला ठाऊक होतं, आणखी कुणालाच नाही. खराब पाला कितीतरी घरी गेला असेल.

"पण चहा फुटत नसतो, पोरी," ते म्हणाले. "म्हणून मी सुटलो."

मी वही घेऊन जुन्या छापखान्याच्या खोलीत गेले. अकरा वाजायला आले होते. धाकटा आणि मास्तर टेबलाशी होते, भावजय लेबलं चिकटवत होती. वही उघडून टेबलावर ठेवली आणि सोमवारच्या तारखांवर एकेक बोट ठेवत गेले.

धाकट्याने मोठ्याने वाचलं. "सहा. पाच. चार. तीन. दोन. शून्य." मग फाइल काढली. फाइलीत माझे सहा, पाच, सहा, सहा, सहा, सहा.

"ताई, हे काय आहे?"

"वहीतलं खरं आहे."

मास्तरांनी चष्मा काढला. "मलाही चार लागली होती," ते हळूच म्हणाले. "सतरा मार्चला. त्याच्या आधीही पाच लागली, खोडून सहा केली. पुढे तीन, दोन. म्हटलं, आपली म्हाताऱ्याची जीभ. ताईंनी मात्र सहा दिले असणार, म्हणजे चूक आपलीच. तुमच्या सहावर मी माझे सहा केले, ताई."

"आणि तू रे?" भावजयीने नवऱ्याला विचारलं.

धाकट्याचे कान लाल झाले. "मला कुठे काय कळतं," तो म्हणाला. "मी ताईचा पहिल्या सोमवारचा आकडा पाठ करून येतो. प्रत्येक बॅचला."

तीन खुर्च्या, तीन दिशांना तोंडं, तोंडाला कुलूप, आणि तिघेही एकमेकांचंच लिहीत होतो. मीसुद्धा माझंच जुनं.

बाकीचं मास्तरांनी दोन मिनिटांत सांगितलं. जानेवारीत धाकट्याने एका मित्राकडून वेगळं यीस्ट आणून छोटा प्रयोग केला होता. ती जात खादाड, बाकीच्यांना न पचणारी साखरही ती सावकाश फोडून खाते. टाकी धुतली होती. बाटल्या भरायचा रबरी पाइप बदलायचा राहिला. पाइपाच्या आत कुठेतरी चिमूटभर राहिली असेल. तेवढी पुरते.

धाकट्याने हॉटेलात फोन लावला. "कोठीचं दार लावा, आत कुणी जाऊ नका," एवढं म्हणाला आणि पलीकडचं ऐकत राहिला. त्याचा चेहरा बघूनच मी खाली बसले.

सकाळी साडेनऊला एक बाटली फुटली होती. भांडी घासणाऱ्या बाई कोठीत ग्लास आणायला गेल्या होत्या.

साडेनऊ. मी तेव्हा बाबांसाठी चहा गाळत होते. आणि काल दिवसभर मी घरी होते, फोन तिथेच भिंतीला होता, आणि मला सगळं ठाऊक होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्यात गेले. धाकटा म्हणाला मी येतो, म्हटलं नको. पायऱ्यांवर तीनदा थांबले. दोनदा परत फिरले.

बाई माझ्याच वयाच्या असतील. उजव्या तळहाताला सात टाके, भुवईवर तीन. डोळा बोटभराने वाचला. नर्स म्हणाली, हात महिनाभर पाण्यात घालायचा नाही. भांडी घासणाऱ्या बाईने हात पाण्यात घालायचा नाही!

मी नाव सांगून जवळ बसले. त्यांनी एका डोळ्याने मला नीट पाहून घेतलं.

"तुम्हीच बनवता का ती?"

"नाही. मी चाखते."

"चाखता म्हणजे?"

"पिऊन बघायची आणि चांगली की वाईट ते लिहायचं."

"एवढंच काम?"

"एवढंच."

त्या चिडलेल्या नव्हत्या. खरोखर समजून घ्यायचं होतं त्यांना. "मग तुम्हाला ही चांगली लागली होती?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही? मग पाठवलीत कशी?"

महिनाभर या वहीत पानं भरली, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे एकच शब्द निघाला. "घाबरले."

"कशाला?"

सांगायला लागले. जीभ, बाबा, धाकटा, घरातली जागा. सांगता सांगता माझं मलाच ऐकवेना. त्यांनी बँडेज बांधलेला हात उशीवर नीट ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरते तर मी पण. पण तुमच्या भीतीची काच माझ्या हातात का?"

मी माफी मागितली. त्यांनी मान वळवली. "बघू," म्हणाल्या. मी तासभर तशीच बसून राहिले, मग त्यांची लेक आली आणि मी उठले.

घरी आल्यावर बॅग काढली आणि कपडे भरले. चार साड्या, ही वही, आईचा फोटो. कुठे जायचं ते ठरलं नाही.

१४ एप्रिल, सोमवार

उद्घाटन झालं म्हणे, आमच्या बिअरशिवाय. शनिवार-रविवार आम्ही बाटल्या उघडत होतो. हॉटेलात कोठीच्या दारातून हात लांब करून एकेक काढायची, बादलीत ओल्या पोत्याखाली धरायची आणि उघडायची. डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट, हातात वेल्डिंगवाल्याचे जाड मोजे. मास्तर हेल्मेट घालून "अस्मादिक आता चंद्रावर निघाले" म्हणाले, पण कुणी हसलं नाही. नऊ आमच्या डोळ्यांदेखत फुटल्या. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मी ती आवरली नाही.

धाकटा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. "धर." "सोड." "मागे हो." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आज सकाळी मी बॅग जिन्यापर्यंत आणली. तो खालून वर येत होता. बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुठे?"

"ठरलं नाही."

त्याने बॅग माझ्या हातातून घेतली आणि तिथेच पायरीवर ठेवली. कठड्यावर नख घासलं.

"मी तुला घड्याळ घड्याळ म्हणत राहिलो," तो म्हणाला. "दहा मार्चला तू पाच खरे लिहिलेस, आणि मी हसलो." मग म्हणाला, "पावणेअकरा झालेत, ताई. टूथपेस्ट लावली नाहीस ना?"

नव्हती लावली. का ते मलाही ठाऊक नाही.

सतराव्या बॅचची एक बाटली त्याने बर्फात गाडून ठेवली होती, शेवटची. अंगणात, हेल्मेट घालून, त्याने ती पोत्याखाली उघडली. फेस जिरेपर्यंत आम्ही थांबलो. अर्धी बाटली उरली, ती तीन ग्लासांत आली. तीन खुर्च्या, तीन कागद. जुनी फाइल भावजयीने कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आता पाठ करा काय करायचं ते," म्हणाली.

चाखताना भीती वाटली. जीभ गेली असेल अशी नाही. जे लागेल ते लिहावं लागणार याची. गोडी ०, फेस १०. लिहिले.

कागद उलटले. मास्तरांची गोडी शून्य, फेस दहा, कुठेही खोडलेलं नाही. धाकट्याच्या कागदावर चारही रकान्यांत आकडा नव्हता. पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मला कळत नाही.'

मास्तरांनी तो कागद बाकीच्या दोन कागदांवर ठेवून नीट टाचणी मारली.

पुढच्या गुरुवारी बाईंचे टाके काढायचे आहेत. त्यांच्या लेकीला फोन करून विचारलं, मी सोबत येऊ का. ती म्हणाली, आईला विचारते. पलीकडे बोलण्याचा आवाज येत राहिला, मग ती परत आली आणि म्हणाली, "आई म्हणते, या. पण हात त्यांनी स्वतः बघायचा, तोंड फिरवायचं नाही."

मी हो म्हटलं. कॅलेंडरवर त्या गुरुवारावर खूण करून ठेवली.